रात्रीचा दशावतार टिपायचाय: लेन्स घेऊ, बॉडी बदलू की बसायची जागा बदलू?

तळकोकणी

नमस्कार मंडळी.

नोकरीमुळे पुण्यात असलो तरी त्रिपुरी पौर्णिमेनंतर गावच्या जत्रेला जाणं चुकवत नाही. गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार सुरू होतो आणि उजाडताना दहीकाल्याने संपतो. खेळ सगळा रात्रीचा, आणि माझ्या फोटोंची बोंब तिथेच.

कॅमेरा कॅनन १५००डी. सोबत किटमधली १८-५५ आणि एक ५५-२५०. दोन्ही लेन्स झूम केल्या की एफ/५.६ वर येऊन बसतात, म्हणजे उजेड आत कमी येतो (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). मागच्या जत्रेत राजाचा चेहरा पांढराफटक आणि मागचा पडदा करडा, असे बरेच फोटो आले. युद्धात तलवार तर सोडाच, माणूसही हलला. यंदा देवळासमोर नवे एलईडी लावलेत, त्यांनी वेगळाच प्रताप केला. ओळीने काढलेल्या चार फोटोंत चार प्रकारचा उजेड, कुठे अर्धी चौकट काळपट, कुठे आडवे पट्टे.

बजेट पंचवीस हजार, ताणून तीस. ५० एमएम एफ/१.८ घेऊ, की हा कॅमेरा विकून मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) जाऊ? फ्लॅश मारायचा नाही, हे घरून बजावलेलं आहे. जत्रा तोंडावर आलीय, लवकर सांगा.

प्रकाशवेडा

पन्नास एफ/१.८. डोळे मिटून.

हिशेब बघ. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलास की जवळपास दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे जिथे तुला १/१५ सेकंदाचं शटर मिळत होतं तिथे त्याच आयएसओवर (आलेला उजेड वाढवून दाखवायचा आकडा) १/१५० मिळेल. कुठलीही नवी बॉडी इतक्या पैशांत एवढी उडी देणार नाही. लेन्सला दहाएक हजार पडतील, उरलेल्यात जत्रेत खाजं खा.

फुलफ्रेमवाला

असहमत. लेन्स ठीक आहे, पण १५००डीचा फोकस अंधारात शोधाशोध करत बसतो. नऊ फोकस बिंदू, त्यांतला एकटा मधला क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा. वापरलेली कॅनन ६डी बघा, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची. २०१२ चा कॅमेरा आहे, पण त्याचा मधला बिंदू उणे ३ ईव्हीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चांदण्यात फोकस करतो. सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या अडीचपट. एकदा फुल फ्रेम वापरलीत की मागे फिरणार नाही.

खवचट_आत्या

तीस हजारांत फुल फ्रेम नक्की मिळेल. काच आणि खिळ्यासकट. फोटो लावून भिंतीवर टांगायची.

प्रकाशवेडा

@फुलफ्रेमवाला, ६डीवर त्याची १८-५५ बसणारच नाही, ती ईएफ-एस आहे, म्हणजे फक्त लहान सेन्सरच्या बॉडींसाठी. ५५-२५० पण गेली. म्हणजे बॉडीवर सगळे पैसे घालून हा माणूस जत्रेला बिनलेन्सचा जाणार. शिवाय अडीचपट क्षेत्रफळ म्हणजे दीड स्टॉपच्या आतला फायदा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ५.६ वरून १.८ म्हणजे सव्वातीन स्टॉप. शाळेतलं गणित आहे.

फुलफ्रेमवाला

गणिताने फोकस लागत नाही साहेब.

झांजवाला

आमच्या घरात दशावतार पिढीजात. काका पखवाजावर बसतात, मी लहानपणापासून झांजेला. त्यामुळे कॅमेऱ्यातलं फारसं कळत नाही, पण समोरून फोटो काढणाऱ्यांचे सगळे नमुने बघितलेत. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

पहिलं म्हणजे फ्लॅश. तळकोकणी, तुका घरातल्यांनी बरोबर सांगितल्यानी. मेल्या, राजाचे डोळे दिपले तर तलवार खय जातली ता राजा पण सांगूक शकाचो नाय.

दुसरं, खेळ कसा पुढे सरकतो ते माहीत असेल तर निम्मं काम होतं. आधी पूर्वरंग. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग संकासुर. मुख्य आख्यान त्याच्यानंतर. आमच्यात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद जाग्यावर. त्यामुळे कोण काय बोलेल ते सांगता येत नाही, पण कोण कुठे उभा राहील ते बरंचसं सांगता येतं. रंगमंचावर एक बाकडं असतं, तेच सिंहासन. राजा दरबारात त्यावर बसून बोलायला लागला की बराच वेळ जागचा हलत नाही. बोलताना हात हलतात, डोकं नाही. तेव्हा फोटो काढा, हवे तितके काढा.

युद्ध पखवाजाच्या ठेक्यावर असतं. दोघे गिरक्या घेतात, तलवारी भिडतात आणि तोड वाजली की क्षणभर तसेच थांबतात. कानाने फोटो काढा. आवाज बंद करून पडद्यावर बघत बसलेल्या माणसाला ती जागा कधीच सापडणार नाही.

आणि तिसरं: रंगपट. देवळाच्या पडवीत किंवा मागे झापांच्या खोपीत कलाकार स्वतःच स्वतःचा रंग लावतात. एक आरसा, एक बल्ब, पेटारा बाजूला. एवढा सुंदर उजेड रंगमंचावर रात्रभर मिळत नाही. मात्र आधी विचारा. साडी नेसून अर्धा तयार झालेल्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरणारे बघितलेत मी. पेटाऱ्याची पूजा चालू असेल तर चपला बाहेर काढा आणि जरा थांबा.

मिनीमाऊ

वा झांजवाला, मस्त लिहिलंत! वेगळा धागाच काढा ना.

वायरमन

पट्ट्यांचा प्रश्न कुणी घेतलाच नाही अजून. मी घेतो, पोटापाण्याचा विषय आहे.

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात दोन शिखरं, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन असेल तर तार तापलेलीच राहते, चढउतार जाणवण्याइतका होत नाही. स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये विजेचा प्रवाह नीट सपाट केलेला नसतो. तो दिवा खरोखरच सेकंदाला शंभरदा मंदावतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

आता शटर. १५००डीचा पडदा साधारण १/२०० पर्यंत पूर्ण उघडतो. त्याहून जलद गेलात की उघडी फट सेन्सरवरून सरकत जाते. १/५०० ला चौकटीचा वरचा भाग दिवा भर तेजात असताना आणि खालचा भाग दिवा मंदावलेला असताना टिपला जातो. झाली अर्धी चौकट काळपट. पुढच्या फोटोला नेमकं उलटं.

उपाय फुकट आहे. शटर १/१०० ठेवा, हलणारं काही नसेल तर १/५०. १/१०० ला प्रत्येक फोटोत एक पूर्ण चढउतार येतो, मग बटण कुठल्याही क्षणी दाबा. जत्रेत जनरेटर असेल तर तो नेमक्या ५० वर राहीलच असं नाही, पण फरक थोडा पडतो.

बारीक बारीक पुष्कळ पट्टे दिसत असतील तर तो वेगळा रोग. रंग बदलणारे ‘पार’ नावाचे रंगमंचाचे दिवे मंद होताना विजेची उघडझाप फार वेगाने करतात, तिचा ५०-१०० शी संबंध नाही. तिथे १/१०० ने पट्टे जातीलच असं नाही. शटर आणखी सावकाश करून बघा, नाहीतर दिवेवाल्याला गाठून ते दिवे पूर्ण तेजावर ठेवायला सांगा. तो चहा पिताना गाठा.

मिररलेसचा विचार असेल तर लक्षात ठेवा, त्यांचं बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक बॉडींत पट्टे वाढवतं, कमी करत नाही. नाटकात आवाज नको म्हणून लोक नेमकं तेच लावतात.

हडसनकाठ

वायरमन यांना दंडवत. आमच्या न्यू जर्सीत मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेचे फोटो मी अशाच १/१०० च्या सल्ल्याने काढायचो आणि तरी उजेड नाचायचा. इथे वीज ६० आवर्तनांची. १/६० किंवा १/१२५ ठेवल्यावर शांत झालं. भारतात आलं की पुन्हा १/१००.

खवचट_आत्या

म्हणजे जेट लॅग कॅमेऱ्यालाही लागतो.

कोपऱ्यातला

पांढऱ्याफटक चेहऱ्याचं सांगतो. कॅमेरा सगळी चौकट बघून सरासरी काढतो. मागे काळा अंधार, पुढे चुना फासल्यासारखा रंगवलेला चेहरा. त्याला वाटतं, फारच काळोख आहे, वाढव उजेड. काळोख करडा होतो आणि चेहरा जळतो. संकासुराचंही तेच! काळे कपडे, काळा मुखवटा, त्यावर लाल जीभ. तो उजेडाच्या मधोमध आला आणि चौकट भरली की कॅमेरा काळ्याचं करडं करून टाकतो. मग संकासुर धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतो.

म्हणून एम मोड, म्हणजे सगळं आपल्या हाताने. पूर्वरंग चालू असताना एकदा चेहऱ्यावरून मापून घ्या. १५००डीत स्पॉट मीटरिंग नाही, पण पार्शल आहे, चौकटीचा मधला दहाएक टक्के भाग मोजतं ते. चेहरा त्यात भरेल एवढं झूम करा, वाचन घ्या, आणि चेहरा पांढऱ्या रंगाचा असल्याने त्यापेक्षा अर्धा-एक स्टॉप जास्त द्या. एक फोटो काढा, जळालेला भाग लुकलुकतो का बघा. नसेल तर रात्रभर त्याला हात लावू नका. दिवे तेच आहेत, अंतर तेच आहे, मग दर फोटोला कॅमेऱ्याने नवा विचार कशाला करायचा?

प्रकाशवेडा

आजकाल मंडळं धुराचं यंत्र आणि रंगीत फिरते दिवे आणतात हो. दर मिनिटाला उजेड बदलतो. एम मोड आणि ऑटो आयएसओ असं ठेवावं. शटर-छिद्र आपल्या हातात, बाकी कॅमेऱ्याच्या.

कोपऱ्यातला

ऑटो आयएसओ त्याच सरासरीने चालतो ना? रोग तोच. फार तर एक्स्पोजर दुरुस्ती लावून ठेवा, पण १५००डीत एम मोडमध्ये ऑटो आयएसओ असताना ती लावायची सोय मला तरी सापडली नव्हती.

तळकोकणी

एवढं सगळं! धन्यवाद. फिरते दिवे आमच्याकडे आहेत, पण राक्षस आला की आणि देव प्रकटला कीच सोडतात. बाकी वेळ पांढरे एलईडी आणि दोन जुने हॅलोजन.

आयएसओचं पण सांगा. मी ८०० च्या वर जात नाही, वाळू दिसायला लागते.

रॉ_मटेरियल

८०० च्या वर जात नाही?? मग युद्ध हलणारच की हो.

वाळू आयएसओ वाढवल्याने पडते असा समज आहे. वाळू पडते प्रकाश कमी पडल्यामुळे. सेन्सरवर जितके प्रकाशकण पडतात त्यांच्या वर्गमुळाइतकी त्यांच्यात अनिश्चितता असते. दहा हजार कण आले तर शंभराची, म्हणजे एक टक्का. शंभरच आले तर दहाची, म्हणजे दहा टक्के. आयएसओ हा नंतर लावलेला गुणाकार. त्यामुळे ८०० वर अंधारा फोटो काढून घरी संगणकावर उजळ करण्यापेक्षा ३२०० वर नीट उजेडाचा काढा. तुमच्या बॉडीवर तर घरी उचललेल्या काळोखात वाळूसोबत रेघाही दिसायला लागतात.

१५००डी ६४०० पर्यंत सरळ जातो. मी ३२०० बिनधास्त आणि ६४०० गरजेला वापरीन. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, कारण एलईडीचा जांभळा-निळा उजेड चेहऱ्यावर आला की जेपेगमध्ये तो रंग सपाट डाग होऊन बसतो, रॉमध्ये थोडा परत आणता येतो. मग वाळू काढायला लाइटरूममध्ये २०२३ पासून एआय डीनॉइज आहे. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, शिकायला वेळ लागतो एवढंच.

कोपऱ्यातला

एआयवाल्या सफाईबद्दल माझी कुरकुर नोंदवतो. चेहऱ्यावरच्या रंगाचे थर, घामाने फुटलेली रेघ, मिशीच्या काजळाची खरड, हे सगळं ते यंत्र वाळू समजून पुसतं आणि वर स्वतःच्या मनाची गुळगुळीत कातडी चढवतं. रात्री तीन वाजता घामाघूम झालेला राजा लग्नाच्या अल्बममधला नवरदेव दिसायला लागतो.

रॉ_मटेरियल

पट्टी शंभरावर नेऊन ठेवली तर होणारच. तीस-चाळीसवर ठेवून बघा.

बापू_डार्करूम

तुम्हा मुलांना वाळूची भीती वाटते याचं नवल वाटतं. आम्ही ४०० एएसएचा (तेव्हाचा आयएसओ) कृष्णधवल रोल १६०० समजून वापरायचो आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचो. ‘पुश’ करणं म्हणायचे त्याला. दाणे मोहरीएवढे. दशावतार तेव्हा पेट्रोमॅक्सवर व्हायचा. बत्तीला पंप मारायला एक माणूस ठेवलेला असे, आणि तो पेंगला की उजेड उतरायचा. रोलमध्ये ३६ फोटो. लाल पेटारा, हिरवा शालू सगळं करडं. पण तो उजेड एका बाजूने, खालून यायचा, आणि चेहऱ्याला जी धार यायची ती तुमच्या वरून टांगलेल्या एलईडीत कुठली यायला!

वायरमन

आणि बापू, पेट्रोमॅक्सला फ्लिकर नाही. पट्टे शून्य.

बापू_डार्करूम

बघा! विज्ञानही माझ्या बाजूने.

मिनीमाऊ

मी काय म्हणते, फोनने का नाही काढत? मागच्या वर्षी देवगडला मावशीकडच्या जत्रेत मी फोनच्या नाइट मोडने काढले. खाजेवाल्याचं दुकान, दीपमाळ, भावंडांचा घोळका, सगळं झक्क आलं. कॅमेरावाले काका बाजूला नुसते घाम पुसत होते.

रॉ_मटेरियल

दीपमाळ आणि दुकान जागचं हलत नाही म्हणून झक्क आलं. नाइट मोड एक फोटो काढतच नाही. भराभर पुष्कळ फोटो काढून ते एकावर एक बसवतो, म्हणून वाळू विरते. २०१८ साली गूगलने पिक्सेलमध्ये आणला तेव्हा एका फोटोमागे पंधरापर्यंत चौकटी जोडायचे. समोरचा माणूस गिरकी घेत असेल तर यंत्र जुळवणार काय? एकतर भूत होतं, नाहीतर ते हलणारा भाग एकाच चौकटीतून उचलतं आणि तिथे वाळू परत येते.

मिनीमाऊ

बरं बाबा, गिरकी तुमची, खाजं माझं.

घाटावरची

धागा थोडा पळवते, माफ करा. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर दिवे लावतात. तिथेही हीच लेन्स चालेल का? मी तिथे एफ/१.८ वर काढले तर एक पणती स्पष्ट आणि बाकी सगळे गोल गोल ठिपके.

प्रकाशवेडा

तिथे उलटा कारभार ताई. दिवे हलत नाहीत, मग तिपाई लावा, आयएसओ १००-२००, एफ/८, शटर काही सेकंद, आणि दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. पूर्ण काळोखात काढू नका, आकाश निळं व्हायला लागतं तेव्हा काढा. पणत्यांचा पिवळा आणि पाण्यातला निळा एकाच चौकटीत येतो, घाटाच्या पायऱ्याही दिसतात. तो वेळ फार थोडा असतो, जागा आधी धरून ठेवा.

घाटावरची

जागा?! पहाटे साडेतीनला गेलं तरी पुढे पन्नास तिपाया असतात. कुणाचा तरी पाय लागून तिपाई नदीत जायची भीती.

खवचट_आत्या

मग तो पाण्यातला फोटो काय सुंदर येईल.

झांजवाला

तिपाईवरून आठवलं. दशावताराला तिपाई आणू नका. माणसं जमिनीवर चटया टाकून बसलेली असतात, म्हाताऱ्या आज्या पहिल्या ओळीत. त्यांच्यापुढे तीन काठ्या रोवल्या तर आज्याच उचलून टाकतील. खाली बसा, गुडघ्यावर कोपर टेका. खालून काढलं की मुकुट आणि किरीट आकाशात उठून दिसतो, बघणाऱ्यांची डोकीही आड येत नाहीत.

सिग्मागिरी

उशिरा आलो. पन्नासबद्दल एक शंका कुणीच काढली नाही. तुमच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते. सहा मीटरवर बसलात आणि कॅमेरा आडवा धरलात तर चौकटीत जेमतेम पावणेतीन मीटर रुंदी आणि एक मीटर ऐंशी उंची मावते. मुकुट घातलेला राजा उभा राहिला की एकतर मुकुट जाणार नाहीतर पाय. दोघांचं युद्ध तर विसराच. मागे सरकायला जत्रेत जागा नसते.

माझं मत: वापरलेली सिग्मा किंवा टॅमरॉन १७-५० एफ/२.८ शोधा. बजेटात बसेल. पन्नासपेक्षा सव्वा स्टॉप मागे, पण झूम केलं तरी २.८ राहते, आणि रुंद चौकट मिळते.

प्रकाशवेडा

युद्ध एफ/२.८ ला १/१०० वर काढायचं तर आयएसओ ६४०० लागेल. पन्नासवर २५०० मध्ये निभेल.

सिग्मागिरी

पन्नास पूर्ण उघडी ठेवून? एफ/१.८ ला तीन मीटरवरून काढलं तर स्पष्ट पट्टा पाव मीटरचा. राजाचं नाक स्पष्ट आणि मागच्या राणीचा धुरळा. शेवटी २.५-२.८ वर येणारच तुम्ही. मग फरक राहिला कुठे?

प्रकाशवेडा

फरक किमतीत राहिला. आणि वजनात.

कोपऱ्यातला

भांडू नका. घरी १८-५५ आहेच. तिला ५० वर फिरवून चिकटपट्टी लावा आणि एखादं नाटक, भजन, सोसायटीचा कार्यक्रम, काहीही तसंच काढून बघा. गुदमरायला झालं तर पन्नास घेऊ नका. मग २४ वर फिरवून हाच प्रयोग करा. कॅनननं ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ काढलीय, बिस्किटाएवढी आहे. एक पैसा न खर्चता कळेल की आपल्याला हवं काय आहे.

फुलफ्रेमवाला

चिकटपट्टी लावून का होईना, फोकसचं काय?

कोपऱ्यातला

मधला बिंदू निवडा, तोच तुमचा क्रॉस-टाइप. चेहऱ्याच्या सपाट पांढऱ्या रंगावर तो घुटमळतो, म्हणून कपाळ आणि मुकुट यांची कड धरा, नाहीतर काजळ घातलेला डोळा. राजा बाकड्यावर बसला असेल तर एकदा फोकस लावून लेन्स मॅन्युअलवर सरकवा. आणि कॅमेरा हिरव्या ऑटोवर अजिबात ठेवू नका, त्या मोडमध्ये फ्लॅश आपणहून उभा राहतो. झांजवाल्यांच्या राजाची तलवार आठवा.

दर्यावर्दी

वापरलेली लेन्स घेणार असाल तर फोनचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. किनाऱ्यावरच्या घरात पावसाळाभर कपाटात पडलेल्या लेन्सला हमखास लागते. मला एका दुकानदाराने ‘धूळ आहे, पुसली की जाईल’ म्हणून अशीच एक गळ्यात मारली होती. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल ठेवा. आणि जत्रेच्या रात्री दव पडतं, पहाटे पुढची काच ओली होते. हूड लावा, सुती रुमाल खिशात ठेवा. बॅटरी दोन न्या, आख्यान लांबतं.

झांजवाला

आख्यान लांबता तेका आमी काय करणार? प्रेक्षक उठानच जाईनत नाय.

तळकोकणी

जत्रा झाली. जमेल तेवढं एकत्र लिहितो.

चिकटपट्टीचा प्रयोग केला, पन्नासवर गुदमरलो, चोवीसवर सुटसुटीत वाटलं. शेवटी एका परिचितांकडून टॅमरॉन १७-५० एफ/२.८ मिळाली. टॉर्च मारून घेतली. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी.

रात्रभर एम मोड, १/१००, एफ/२.८, आयएसओ ३२००. संकासुराला आणि युद्धाला ६४००. अर्ध्या काळपट चौकटी पूर्ण गेल्या. फिरते रंगीत दिवे लागले तेव्हाचे पट्टे मात्र राहिले, १/५० वर कमी झाले पण गेले नाहीत. दिवेवाल्याला चहा पाजला, वायरमन. तो म्हणाला, ‘मंद नाय केलंय तर राक्षसाक भियातलो कोण?’

युद्धात तोडीची जागा कानाने पकडायला पहाट झाली, पण सापडली. गिरकीत हललेले पुष्कळ आहेत, त्यांतला एक मला आवडलाय, चेहरा स्थिर आणि शेला पंख्यासारखा पसरलेला. तो ठेवणार. रंगपटात मात्र फार फोटो काढले नाहीत. राणीची भूमिका करणारे काका म्हणाले, आधी चहा घे, मग काढ. चहा घेतला, गप्पा झाल्या, तोवर तिसरी घंटा.

सिग्मागिरी

टॅमरॉन! चला, निम्मा तरी जिंकलो.

झांजवाला

आमच्यात घंटा खयची? पखवाज वाजता. बाकी बरोबर असा. फोटो मंडळाक पाठव, जाहिरातीक लागतत. आणि नाव घाल खाली तुझा, नायतर पुढच्या वर्षी तुझोच फोटो तुका विकतले.

तळकोकणी

घंटा आमच्या गावात देवळातली वाजवतात हो, खरंच! फोटो आज रात्री पाठवतो. इथेही टाकले असते, पण चढवताना ‘फाइल मोठी आहे’ म्हणतंय.

रॉ_मटेरियल

लांब बाजू १२०० पिक्सेल करून जेपेग काढा, चढेल.

नवखा_निकॉन

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे, त्यावर जुनी ५० एफ/१.८ डी स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

प्रकाशवेडा

डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, डी लेन्सवर फोकस हातानेच लावावा लागेल. रात्रीच्या कार्यक्रमाला तो ताप नको. नावात एएफ-एस असलेली बघा. ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स वापरलेली सहज मिळते, आणि सिग्मागिरी म्हणतात तो मुकुट कापला जाण्याचा प्रश्नही बराच सुटतो.

सिग्मागिरी

‘सिग्मागिरी म्हणतात ते बरोबर’ असं लिहायला एवढा त्रास?